वाळकाच्या बेटावरचे तुंबे

सेनगावाहून उत्तरेला अर्ध्या दिवसाची पायवाट तुडवली की पैनगंगा लागते. तिच्या पात्रात मधोमध एक बेट होतं, वाळकाचं बेट. उन्हाळ्यात तिथल्या गाळात वाळकं आणि टरबुजं मनमुराद पिकायची, म्हणून हे नाव. नदीपल्याड वऱ्हाड, म्हणजे इंग्रजाचा अंमल; अल्याड निजामाचा. मग बेट कुणाचं? तर पीक आलं की निजामाचं आणि पूर आला की वऱ्हाडाचं. इतकी सरळ वाटणी होती, आणि दोन्हीकडच्या कचेऱ्यांना ती अगदी मान्य होती.

बेटावर चौदा घरं लमाणांची आणि सहा मुसलमानांची. बैलांवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरायचा लमाणांचा धंदा आगगाडीनं खाऊन टाकला, तेव्हा जी जागा दुसरं कुणीच मागत नव्हतं ती त्यांना बूड टेकायला मिळाली. मुसलमान त्याच्याही आधीचे, मळे करणारे. त्यांतला एक महेबूब.

महेबूब अंगानं काटकुळा, आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. नमाज चुकवायचा नाही आणि खोटं बोलायचा नाही. खोटं न बोलणारा माणूस बाजारात वाळकं कशी विकतो म्हणाल, तर “हे आतून कडू निघंल, ते पलीकडलं घे,” असं गिऱ्हाइकालाच सांगून. त्याची बायको बिलकीस कपाळाला हात लावायची. “तुमच्यानं एक बारीकसं खोटं बोलवत न्हाई. उद्या माह्या जिवावर बेतलं तरी बोलणार न्हाई तुमी!” असं ती म्हणायची आणि वर स्वतःच हसायची.

नदी ओलांडायला बेटावर नाव नव्हती, सांगड होती. कडू भोपळा वेलीवरच पिकू द्यायचा, मग सावलीत वाळवायचा. आतल्या बिया खुळखुळायला लागल्या की झाला तुंबा. असे दोन तुंबे दोरीनं जोडून छातीखाली घेतले की पोहता न येणारा माणूसही तरतो. पण दोनच लागतात. एकट्या तुंब्यावर भार टाकला तर तो पाण्यात गरकन फिरतो आणि माणूस खाली जातो.

एकोणीसशे तेहतीसच्या भादव्यात महेबूब आपली जोडी छातीखाली घेऊन नदी उतरला आणि हिंगोलीच्या बाजाराला गेला. इकडे लख्ख ऊन. वर बुलढाण्याकडं काय कोसळलं होतं कुणास ठाऊक, दुपारी पूर आला. बेटावरची अकरा माणसं गेली, त्यांत बिलकीस होती. तिचा एक तुंबा चार दिवसांनी खालच्या वळणावर बाभळीत अडकलेला सापडला. जोडीतला दुसरा कुठं गेला हे कुणी विचारलं नाही. नदीनं नेला असणार, आणखी काय! महेबूबनं सापडलेला तुंबा घरी आणून आढ्याला टांगला, आणि त्याविषयी तो कधी कुणाशी बोलला नाही.

दुसऱ्या वर्षापासून या माणसानं एकच ध्यास घेतला. बेटावर ब्याऐंशी जीव उरले होते. प्रत्येकाच्या नावची एक जोडी घरात टांगलेली पाहिजे, आणि पुन्हा पुरात एकही माणूस जाता कामा नये. त्यानं वाळकं टाकून दिली आणि साऱ्या मळ्यात कडू भोपळे लावले. वाळवले, घरोघर फिरून फुकट वाटले. म्हातारी माणसं आणि तान्ही लेकरं यांच्यासाठी बाजेच्या चार खुरांना बांधायला चार वेगळे दिले. खालच्या वळणावर नदीची धार माणसाला आपोआप काठाकडं फेकते, हे बिलकीसच्या तुंब्यानं त्याला शिकवलं होतं. तिथल्या बाभळींना तो दर पावसाळ्याआधी मोटेचा नाडा बांधून ठेवायचा, धरायला. आणि प्रत्येक दारात एकच सांगायचा, “टांगा. कापू नका. बास, एवढंच.” लोकांनी हात जोडून तुंबे घेतले. लोक आपले गुणाचे.

आखितीला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर, महेबूब तुंबे तपासायला निघाला. बोटानं वाजवायचा, ठण् वाजला तर चांगला, भद्द वाजला तर आतून किडला. पण वाजवायला तुंबे होतेच कुठं? किसनसिंग नाईकाच्या घरी त्यांत जवारीचं बी भरलेलं. थावराच्या घरी ताक. वसराम म्हणून एक मोठा हुशार गडी होता, त्यानं तर दोन तुंबे मधोमध कापून चार वाडगी केली होती. त्यातल्याच एका वाडग्यातून त्यानं महेबूबला पाणी पाजलं. पाणी कडू लागलं.

“वसराम, हे काय करून बसलास रे?”

“वर्सभर नुसतं टांगून ठिवायचं व्हय? पूर का रोज येऊन राहिला? आन् लागलंच तं दुसरा वाळवू की!”

“दुसरा वाळवू की” हे शब्द ऐकताच महेबूबचा चेहरा असा काही उतरला, की वसरामनं वाडगं परत घेतलं.

तीन वर्षं हाच तमाशा. महेबूबनं समजावून पाहिलं, भांडून पाहिलं, बुडालेल्यांची नावं एकेक घेऊन पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी! विळ्या-भोपळ्याचं सख्य सगळ्यांनी ऐकलेलं असतं, इथं ते घराघरांत नांदत होतं. लोक त्याला ‘तुंबेसाहेब’ म्हणायला लागले. लेकरं मागून “ठण् ठण्” ओरडायची.

मग एकोणीसशे छत्तीस साली एका गुरुवारी महेबूब वसरामच्या अंगणात शिरला, तर गड्यानं नवाकोरा तुंबा मांडीत धरलेला आणि वर विळा. महेबूबच्या डोक्यात तिडीक गेली. बेटाच्या उंचवट्यावर कडुनिंबाखाली एक जुनी मजार होती. कुणाची ते फातिमाबीलाही माहीत नव्हतं, आणि फातिमाबी बेटावर सगळ्यांत म्हातारी. तिकडं बोट करून महेबूब कडाडला, “काप! काप, कापून टाक! पीराच्या नावचा हाय तो! जो कापंल त्याच्या घरावर नदी येईल!”

बोलून गेला खरा. असं काही म्हणायचं त्याच्या मनात नव्हतं. पण वसरामचा हात तिथंच थांबला. त्यानं विळा हळूच मागं ठेवला, तुंबा कपाळाला लावला आणि म्हणाला, “मंग हे आधी काहून सांगितलं न्हाई, म्हेबूबभाई?”

घ्या! तीन वर्षं घसा फोडून सांगितलेलं खरं कुणाच्या कानात शिरलं नव्हतं, आणि रागाच्या भरात निसटलेलं एक खोटं दिवे लागायच्या आत वीस घरं फिरून आलं. सकाळी शेजारची पारुबाई तुंब्याला कुंकू लावताना दिसली. पारुबाई म्हणजे तांड्यातलं बडं प्रस्थ. तिनं एकदा कुंकू लावलं की दगडाचाही देव व्हायचा. तिला थांबवायला महेबूब दोन पावलं पुढं गेला आणि परत फिरला. तिच्या आढ्याला सगळेच्या सगळे तुंबे आख्खे लटकत होते, ते त्याला दिसले होते.

तिथून पुढं तुंब्यांचे दिवस पालटले. लमाण बायकांनी त्यांना आरसे आणि कवड्या लावलेल्या खोळी शिवल्या, तशा चोळ्या त्यांनी स्वतःच्या लेकींनाही शिवल्या नव्हत्या. दर गुरुवारी घराघरांत ऊद जळायचा. त्या धुरानं तुंब्यांना कीड लागायची बंद झाली, हे मात्र मानावं लागेल. आखितीला महेबूब वाजवायला आला की घरची माणसं उभी राहायची, तो ठण् करायचा आणि सगळे डोकं टेकवायचे. तो चिडायचा. चिडला की लोक आणखी वाकायचे, म्हणायचे, पीराचा माणूस कडकच असायचा. घरी येऊन तो नमाजाला बसायचा आणि कान धरून माफी मागायचा. वर्षात एक दिवस खोटं खपवायचं आणि बाकीचे दिवस त्याची माफी मागायची, असा त्याचा क्रम दहा वर्षं चालला. पण तुंबे? एक कापलेला नाही!

एकोणीसशे सेहेचाळीसचा भादवा. भर दुपारी, लख्ख उन्हात महेबूब काठावर उभा होता. आधी पाण्याला तांबूस कड आली, मग फेस आला, मग पानांसकट आख्खं जांभळीचं झाड वाहत आलं. त्याला पुढं काही पाहायची गरज नव्हती. तो ओरडत तांड्यातून पळत सुटला, “तुंबे काढा! तुंबे काढा! पूर आला!”

लोकांनी भराभर तुंबे काढले. एका घरातही घोळ झाला नाही. प्रत्येक जण आपली जोडी घेऊन बाहेर आला, बाजाही आल्या, आणि महेबूबचा ऊर भरून आला. दहा वर्षांचं पाप फळाला आलं होतं. मग त्यानं नीट पाहिलं. प्रत्येकानं आपले तुंबे डोक्यावर घेतले होते. किसनसिंग नाईकानं पागोट्यावर, बायकांनी पदरावर, खोळीसकट, दोन्ही हातांनी घट्ट धरून. पीराला पाण्याचा थेंब लागू नये म्हणून!

सगळे उंचवट्यावर मजारीपाशी जमले. पाणी वर चढत होतं.

“अरे, डोक्यावर काय घेता! छातीखाली बांधा!”

“पोटाखाली घ्यायचे? पाय लागतील की!” थावराची बायको म्हणाली.

“पाय लागू दे!”

“तोबा म्हणा, म्हेबूबभाई,” वसराम म्हणाला. वाडगी कापणारा वसराम! “आमी बुडलो तं बुडलो. पीराला पाय लावून कोणतं पाप घेऊ?”

पाणी पोटऱ्यांना लागलं. तेव्हा महेबूबनं जे दहा वर्षं जमलं नव्हतं ते केलं, खरं सांगून टाकलं. “पीर-बीर काही न्हाई! म्याच बोललो होतो! खोटं बोललो, अल्ला कसम! साधे भोपळे हायेत ते! माह्या मळ्यातले!”

पारुबाईनं हळहळून मान हलवली. “भ्यानं डोकं फिरलं बिचाऱ्याचं.” किसनसिंग पुढं झाला. “म्हेबूबभाई, अशा वक्ताला पीराची निंदा करून राहिले तुमी? आधी माफी मागा. तुमच्यापायी आमाला बुडवता काय?”

पाणी गुडघ्याला आलं. पारुबाईच्या कडेला नातवंड होतं, आणि डोक्यावर आरशांच्या खोळीतली जोडी चमकत होती. महेबूबला रडू फुटलं. खऱ्यानं एक माणूस हलत नव्हता, आणि खोट्यानं दहा वर्षांपूर्वी विळा धरलेला हात थांबवला होता. मजारीवर वारा घेऊन घुमणाऱ्यांना जन्मभर शिव्या दिल्या त्या माणसानं, पण त्यानं टोपी फेकली, मजारीवर अंग टाकलं आणि घुमायला लागला. पहिला हुंदका खराच होता, त्यामुळं पुढचं सोपं गेलं.

“मला डोक्यावर काहून बसवलं रे!” तो ओरडला. “माह्यापासून लांब पळता! दहा सालं खोळीत कोंडलं मला! मला डोक्यावर नका घेऊ, मला पोटाशी घ्या! लेकराला घेता तसं पोटाशी घ्या!”

देवाला पोटाखाली घालायचं पाप होतं, पण पोटाशी धरायचं म्हणजे तो मायेचाच मामला. पाहता पाहता जोड्या डोक्यावरून उतरल्या आणि छातीला बांधल्या गेल्या. बाजांच्या खुरांना तुंबे लागले, वर म्हाताऱ्या आणि लेकरं चढली. एकेक करून सगळे पाण्यात उतरले. धारेनं त्यांना खालच्या वळणाकडं नेलं आणि बाभळींच्या नाड्यापाशी फेकलं. महेबूब सगळ्यांत शेवटी आला. छातीखाली स्वतःची जोडी होती आणि पाठीवर बिलकीसचा एकटा तुंबा बांधलेला होता. काठावर पोचल्यावर त्यानं माणसं मोजली, तीनदा मोजली. ब्याऐंशीची आता एक्क्याण्णव झाली होती. सगळीच्या सगळी होती, आणि वर नाईकाची एक शेळी. तो चिखलात बसला आणि लेकरासारखा रडला. लोक म्हणाले, अंगातलं अजून उतरलं नाही वाटतं.

पंधरा दिवसांनी कचेरीतून एक जण आला, मेलेल्यांची नावं लिहून न्यायला. कुणीच मेलं नाही म्हटल्यावर त्याची मोठी पंचाईत झाली. त्याच्याजवळ मेलेल्यांचाच कागद होता, जगलेल्यांचा नव्हता. “एकही नाही? नीट आठवा,” असं त्यानं दोनदा सांगून पाहिलं. आठवेना म्हटल्यावर बिचारा परत गेला, आणि मदतही त्याच्यासोबत गेली. घरं लोकांनी आपली आपण उभारली. वळणापलीकडच्या टेकाडावर महेबूबनं दरसाल जवारीच्या बियाण्याच्या दोन रांजणी पुरून ठेवल्या होत्या, त्या तेव्हा कामी आल्या. पण नव्या घरांना कूड लागायच्या आधी लोकांनी मजारीभोवती भोपळ्याचे वेल लावले.

मग अठ्ठेचाळीस साल आलं. निजामाचा अंमल गेला. थंडीच्या सुमारास एक नवा साहेब बेटावर आला; तरुण, पांढरेशुभ्र कपडे, मनानं अगदी चांगला. अशा माणसांचीच भीती वाटते. त्यानं सगळ्यांना मजारीपाशी जमवलं. म्हणाला, आता आपलं राज्य आलं. बेटाला नाव मिळणार, लोखंडी कड्यांची, पुढच्याच पावसाळ्यात. मग त्याची नजर खोळींतल्या तुंब्यांकडं गेली. कापला तर घरावर नदी येते, असं त्याला लेकरांनी सांगितलं.

साहेबाला कळवळा आला. “असल्या अंधश्रद्धेतून तुम्हाला बाहेर काढलंच पाहिजे. भोपळा तो भोपळा! विळा आणा. मी तुमच्यासमोर कापतो, बघू या काय होतं ते.”

त्यानं पारुबाईच्या घरचा तुंबा मांडीत घेतला, खोळ काढली. वसरामनं काय करावं न कळून विळा दिला. महेबूबला पुढचं सगळं दिसलं. साहेब कापणार. काही होणार नाही. पुढच्या आखितीपर्यंत घराघरांत वाडगी होणार. आणि ती नाव? ती कुठल्यातरी काठावर कुलूप लावून पडलेली असणार.

साहेब बोलत होता त्यातला शब्दन् शब्द महेबूबला पटत होता. हेच तर तो तीन वर्षं सांगत फिरला होता! आणि इकडं सगळे लोक महेबूबच्याच तोंडाकडं पाहत होते. आता आणखी एक खोटं बोलायचं त्याच्या जिवावर आलं होतं.

“साहेब, थांबा,” तो म्हणाला. “म्या कापला होता.”

साहेबानं वर पाहिलं.

“माह्या बायकोच्या जोडीतला. मळ्यात पाणी न्यायला भांडं न्हवतं, म्हणून कापला. ती नगं म्हणत होती. म्या म्हटलं, दुसरा वाळवू की. आठव्या दिवशी पूर आला. म्या बाजारात होतो. तिच्यापाशी एकच होता.” मग तो म्हणाला, “बिलकीस नाव होतं तिचं. पंधरा सालं झाली.”

कुणीतरी कानाला हात लावले. किसनसिंग नाईक हलक्या आवाजात म्हणाला, “आठ रोजात! पाहा म्हणजे.” साहेब माणूस चांगला होता. त्यानं विळा खाली ठेवला, तुंब्याला खोळ घातली आणि पारुबाईच्या हातात दिला. जाताना त्यानं नावेचं पुन्हा एकदा सांगितलं.

महेबूब घरी येऊन बसला. आज तो एक अक्षर खोटं बोलला नव्हता, आणि आज त्याचं खोटं कायमचं पक्कं झालं होतं. आता ते कुणी पुसू शकणार नव्हतं, त्यानं स्वतःसुद्धा नाही. आणि लोक घरोघर म्हणत असतील, तुंबा कापला म्हणून पीरानं बायको नेली. हे खोटं आहे असं ओरडून सांगावं, तर ते नेमकं किती खोटं आहे हे त्यालाही आता सांगता येत नव्हतं.

दिवे लागायच्या वेळेला पारुबाई आली. हातात साहेबानं परत दिलेला तुंबा होता. आढ्याला बिलकीसचा एकटा तुंबा लटकत होता, तिकडं ती जरा वेळ पाहत राहिली.

“पंधरा सालं बोलला न्हाई तुमी,” ती म्हणाली. “आमाला वाटलं नदीनं नेला.” मग तिनं हातातला तुंबा पुढं केला. “एकटा फिरतो म्हणता ना? हा बांधा जोडीला.”

महेबूबनं तो घेतला. बिलकीसला आता जोडी मिळून काय उपयोग, असं त्याच्या ओठांवर आलं होतं, पण म्हणवेना. त्यानं खोळ काढली आणि सवयीनं बोटानं वाजवून पाहिला. चांगला होता.